आमची मैदानं आमच्या हवाली करा : बेसबॉल गेम बनवणाऱ्या स्टुडिओला खुलं पत्र

स्टुडिओतील सर्व संबंधितांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात गेम सुरू केला आणि पडद्यावर तुमची सूचना आली. जुन्या आवृत्तीचे सर्व्हर बंद होणार, आणि त्याबरोबर खेळाडूंनी बनवलेली सगळी स्टेडियम पुसली जाणार. नव्या आवृत्तीत ती आणता येणार नाहीत. तीन ओळींचा मजकूर आणि त्याखाली एकच बटण, ‘ठीक आहे’. ते दाबल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, म्हणून दाबलं. पण मला हे ठीक वाटत नाही. तुमच्या ग्राहक सेवेला मी तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा शब्दन् शब्द तेच उत्तर आलं. म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. माझ्यासारखे मैदानं बांधणारे जे कुणी हे वाचतील, त्यांच्याही मनातलं यात असेल अशी माझी खात्री आहे.

आधी माझा संबंध काय ते सांगते. बेसबॉल मी तुमच्या गेममधून शिकले. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, फळीपासून होम प्लेटपर्यंत, म्हणजे फलंदाजासमोरच्या पाटापर्यंत, ६० फूट ६ इंच, धावताना गाठायच्या एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत ९० फूट, हे आकडे मला तुमच्या एडिटरने, म्हणजे गेममधल्या मैदान बांधायच्या साधनाने, शिकवले. त्या चौकटीत काही बदलता येत नाही. बेसच्या पलीकडचं मोकळं मैदान म्हणजे आउटफिल्ड, त्याची भिंत मात्र हवी तिथे सरकवता येते, हे कळलं त्या दिवशी मी या खेळात खरी अडकले. इनफिल्ड, म्हणजे बेसची आतली चौकट, सगळीकडे सारखं असतं, पण भिंत कुठे असावी, किती उंच असावी, सरळ जावी की मध्येच वळावी, हे जुन्या काळी आजूबाजूच्या गल्ल्यांनी आणि जमीनमालकांनी ठरवलं. बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डाव्या भिंतीला लागूनच रस्ता आहे. मैदान मागे सरकवायला जागा नव्हती, म्हणून भिंत वर गेली आणि आज ती ३७ फूट उंच आहे. न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्सचा आकार लांबट टबासारखा होता. होम प्लेटपासून भिंतीपर्यंत उजवी बाजू अवघी २५८ फूट, डावी २७९, आणि सेंटर फील्ड, म्हणजे समोरची मधली बाजू, ४८० फुटांच्या पलीकडे. कडेला मारलेला साधा उंच फटका भिंतीपलीकडे जाऊन होम रन व्हायचा आणि मध्ये मारलेला जबरदस्त फटका झेलबाद. १९५४ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे वर्षाच्या अंतिम मालिकेत, सेंटर फील्डर विली मेजने होम प्लेटकडे पाठ करून धावत जो झेल घेतला, तो त्याच खोल मैदानामुळे. दुसऱ्या बहुतेक मैदानांवर तो चेंडू भिंतीपलीकडे गेला असता.

फेनवे अजून आहे, पण अशी बरीच मैदानं आज नाहीत. म्हणूनच आम्ही ती बांधतो.

माझं सगळ्यात जवळचं मैदान वॉशिंग्टनचं ग्रिफिथ स्टेडियम. १९११ मध्ये ते उभं राहिलं, तेव्हा सेंटर फील्डच्या बाजूला पाच घरं होती आणि तिथेच एक मोठं झाड. घरमालकांनी जागा विकली नाही. मग भिंत त्या घरांना आणि झाडाला वळसा घालून मैदानाच्या आत आली, काटकोनात, आणि पुन्हा बाहेर गेली. मला हा कोपरा हवा होता. तुमच्या एडिटरमध्ये भिंत फक्त गोलाईने वळते, काटकोन येतच नाही. मी चार महिने त्यावर घालवले. शेवटी भिंत आहे तशी गोल ठेवली आणि तिच्यापुढे विटांचे सुटे तुकडे एकेक करून लावत कोपरा तयार केला. एक तुकडा जरा जरी फिरला तर चेंडू फटीत अडकायचा. मग तो काढायचा, अर्ध्या अंशाने फिरवायचा, पुन्हा सामना सुरू करायचा, पुन्हा त्याच कोपऱ्यात चेंडू मारायचा. झाडाला वेगळा वेळ गेला. तुमच्या संग्रहातलं सगळ्यात मोठं झाडही लहान पडत होतं, म्हणून चार झाडं एकात एक रोवली. दुपारच्या सामन्यात चौथ्या-पाचव्या इनिंगला त्या झाडाची सावली भिंत ओलांडून गवतावर उतरते आणि सेंटर फील्डरच्या पायाशी येते. हे मी ठरवून केलेलं नव्हतं. पहिल्यांदा ती सावली दिसली तेव्हा मी सामना थांबवला आणि नुसती बघत बसले.

खरं ग्रिफिथ स्टेडियम १९६५ मध्ये पाडलं. तिथे आता हॉवर्ड विद्यापीठाचं रुग्णालय आहे, आणि होम प्लेट जिथे होती ती जागा रुग्णालयाच्या आत खूण करून ठेवली आहे. याच मैदानावर होमस्टेड ग्रेज हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ खेळायचा आणि त्यांच्याकडून जॉश गिब्सन खेळायचा. त्याला मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, कधीच खेळू दिलं नाही. कृष्णवर्णीय खेळाडूंच्या निग्रो लीगच्या आकडेवारीला मेजर लीगचा दर्जा मिळायला डिसेंबर २०२० उजाडावं लागलं. २०२४ मध्ये ते आकडे अधिकृत नोंदींत आले, तेव्हा कारकिर्दीच्या फलंदाजी सरासरीत गिब्सन ०.३७२ अशा नोंदीने सगळ्यांच्या वर गेला. त्याने जिथे फटके मारले ते मैदान आज खेळून बघायचं असेल तर कुठे जायचं? माझ्यासारख्या कुणीतरी तुमच्या सर्व्हरवर ठेवलेल्या एका स्टेडियममध्ये. तेच तुम्ही पुसता आहात.

आणि हे माझ्या एकटीचं नाही. आम्हा मैदान बांधणाऱ्यांपैकी एकाने पिट्सबर्गचं ग्रीनली फील्ड बांधलं आहे. त्याला मी कधी प्रत्यक्ष भेटलेले नाही, पण त्याचं काम वीट न् वीट ओळखते. १९३२ मध्ये गस ग्रीनली या कृष्णवर्णीय मालकाने आपल्या क्रॉफर्ड्स संघासाठी ते मैदान स्वतः बांधून घेतलं होतं. सॅचेल पेज तिथे चेंडू टाकायचा. सहा वर्षांत, १९३८ मध्ये, घरकुलांसाठी ते पाडलं. फोटो फार थोडे. त्या माणसाने प्रत्येक फोटोतल्या खांबांची सावली मोजून छप्पर किती उंच असेल याचा अंदाज बांधला. त्याच्या हिशेबाबद्दल आमचे वाद झाले, ते दोन-दोन तास चालले, आणि शेवटी त्याने छप्पर तीन फुटांनी खाली घेतलं. सर्व्हर बंद झाला की मैदानाबरोबर ही मेहनतही जाणार.

आता तक्रारी. एकेक करून मांडते.

पहिली आणि सगळ्यात मोठी : आमचं काम आमच्याकडे नाही. एडिटरमध्ये ‘जतन करा’ असं बटण आहे. ते दाबलं की ‘जतन झालं’ असं दिसतं. आम्ही त्यावर विश्वास ठेवला. स्टेडियमची प्रत स्वतःच्या कन्सोलवर किंवा ड्राइव्हवर काढून घ्यायची सोय तुम्ही कधीच दिली नाही. सगळं तुमच्या सर्व्हरवर. सामन्यांची सेव्ह फाइल माझ्या कन्सोलवर राहते, खेळाडूंच्या चेहऱ्यांचे केलेले बदल राहतात, फक्त स्टेडियम राहत नाही. असं का, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. स्टेडियमची फाइल म्हणजे मुळात एक यादीच असते : कुठली वस्तू, कुठे ठेवली, किती अंशांत फिरवली, भिंत कुठे किती उंच. विटा, खुर्च्या, झाडं ही चित्रं तर गेममध्ये आधीच आहेत. एवढी यादी मला माझ्याजवळ ठेवू द्यायला नेमकी अडचण काय आहे?

दुसरी तक्रार नव्या आवृत्तीची. दर वर्षी नवा गेम येतो, दर वर्षी आम्ही पूर्ण पैसे भरून घेतो. या वर्षीचा एडिटर मी उघडून बघितला. विटा त्याच, खुर्च्या त्याच, झाडंही तीच आणि तेवढीच. तरीही जुनं स्टेडियम त्यात येत नाही. तुम्ही म्हणता तांत्रिक कारण आहे. असेलही, मी प्रोग्रामर नाही. पण मग ते कारण काय आहे हे सांगा. काही वस्तू नव्या आवृत्तीत नसतील तर त्या जागा रिकाम्या सोडून बाकीचं येऊ द्या, त्या आम्ही भरून घेऊ. शंभर तुकडे पुन्हा लावायला मी हसत तयार आहे. पहिल्या विटेपासून पुन्हा सुरुवात करणं वेगळं, आणि ते दर वर्षी करायला लावणं त्याहून वेगळं.

तिसरी, मापांची. तुमचा एडिटर फाउल पोल, म्हणजे दोन्ही कडांना भिंतीपाशी असलेला खांब, होम प्लेटपासून ३०० फुटांच्या आत घेऊ देत नाही. नियमाचा आधार आहे असं तुमच्या मदतीच्या पानावर लिहिलंय. नियम मला माहीत आहे. १ जून १९५८ नंतर व्यावसायिक क्लबने बांधलेल्या मैदानाला दोन्ही बाजूंना किमान ३२५ फूट आणि सेंटर फील्डला ४०० फूट हवेत. पण तो नियम त्या तारखेच्या पुढच्या मैदानांचा आहे. पोलो ग्राउंड्स त्याच्या कितीतरी आधीचं. शिवाय प्रत्यक्षात मेजर लीगनेही सवलती दिल्या. बाल्टिमोरचं कॅम्डन यार्ड्स १९९२ मध्ये सुरू झालं तेव्हा उजवी बाजू ३१८ फूट होती, न्यू यॉर्कचं नवं यांकी स्टेडियम २००९ चं आहे आणि तिथे ती ३१४ आहे. खऱ्या मैदानाला जी मोकळीक मिळते, ती गेममधल्या मैदानाला नाही. ३०० फुटांवर फाउल पोल असलेलं पोलो ग्राउंड्स हे पोलो ग्राउंड्स नव्हेच. माझ्याकडे ते तसंच अर्धवट पडून आहे.

जमिनीचंही तेच. सिनसिनाटीच्या क्रॉस्ली फील्डमध्ये डाव्या भिंतीपाशी जमीन चढत जायची. पाहुण्या संघाचे आउटफिल्डर वर बघत मागे पळताना तिथे अडखळायचे, प्रसिद्ध खेळाडू बेब रूथही पडला. डेट्रॉइटच्या टायगर स्टेडियममध्ये सेंटर फील्डला, भिंतीच्या आत, १२५ फुटांचा ध्वजस्तंभ उभा होता आणि चेंडू त्याला लागला तरी खेळ चालू राहायचा. तुमच्या एडिटरमध्ये जमीन सपाटच राहते. खांब उभा करता येतो, पण चेंडू त्यातून आरपार जातो. पाच आवृत्त्यांपासून आम्ही हे कळवत आलो आहोत.

आणि दिवे. खेळाडूंनी बनवलेल्या स्टेडियममध्ये रात्रीचा सामना होत नाही. मेजर लीगचा पहिला रात्रीचा सामना २४ मे १९३५ रोजी याच क्रॉस्ली फील्डवर झाला. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमधून बटण दाबलं आणि सिनसिनाटीत दिवे लागले. सिनसिनाटीच्या रेड्स संघाने फिलाडेल्फियाच्या फिलीजना २-१ ने हरवलं. ते मैदान मी बांधलं, दिव्यांचे खांब फोटो बघून जागच्या जागी उभे केले, आणि ते एकदाही पेटलेले नाहीत. तुमच्या गेममध्ये क्रॉस्ली फील्डवर कायम दुपारचे दोन वाजलेले असतात.

पाचवी तक्रार काढून टाकण्याबद्दल. ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डमध्ये उजव्या बाजूला स्कोअरबोर्डखाली एका कपडेवाल्याची पाटी होती. या पाटीला चेंडू मारा आणि सूट मिळवा, असा तिचा मजकूर. बेसबॉलच्या इतिहासात रस असलेल्या कुणालाही ती पाटी माहीत आहे. मी ती अक्षर न् अक्षर रंगवली. दोन दिवसांत माझं एबेट्स फील्ड सार्वजनिक यादीतून गायब झालं. कारण म्हणून ‘नियमभंग’ एवढा एक शब्द आला. जाहिरात समजून काढलं असेल असा माझा अंदाज. विचारायला जागा नाही, अपील करायची सोय नाही. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू पहिल्यांदा मेजर लीगमध्ये खेळला ते हे मैदान. एका पाटीवरून ते अख्खं उचलून फेकण्याआधी कुणी माणसाने डोळ्यांनी बघितलं होतं का, हे मला अजून कळलेलं नाही.

नावाचंही सांगायचं राहिलं. दुसऱ्याचं स्टेडियम डाउनलोड करून एक खुर्ची हलवली आणि पुन्हा अपलोड केलं, की मूळ बांधणाऱ्याचं नाव पुसलं जातं. ग्रीनली फील्डच्या अशा नकला मी स्वतः पाहिल्या आहेत, आणि लोक त्यांनाच शाबासकी देतात. हे थांबवणं अवघड नसावं.

तुमची बाजू मी विचारात घेतलेली आहे. सर्व्हर चालवायला पैसा लागतो, माणसं लागतात. जुनी आवृत्ती खेळणारे कमी होत जातात. कायम सर्व्हर चालवा असं मी म्हणत नाही आणि कुणीच शहाणा माणूस म्हणणार नाही. या एडिटरवर काम करणाऱ्या तुमच्यातल्या लोकांबद्दलही माझ्या मनात आकस नाही. ज्या कुणी गवताच्या पट्ट्यांची दिशा बदलायची सोय दिली, त्यांनी ते प्रेमाने केलंय हे दिसतं. माझा आक्षेप एका निर्णयाला आहे : बांधणाऱ्याच्या हातात काहीही न देता सगळं पुसून टाकण्याच्या.

एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. १९६० च्या फेब्रुवारीत एबेट्स फील्ड पाडायला घेतलं, तेव्हा पाडकामाच्या लोखंडी गोळ्याला बेसबॉलसारखा रंग दिला होता. चार वर्षांनी, १९६४ मध्ये, पोलो ग्राउंड्स पाडायला तोच गोळा आणला. मी त्याचा फोटो पाहिला आहे, पांढरा गोळा आणि त्यावर लाल शिवण. मैदानाजवळ राहणाऱ्या लोकांना ते बघून काय वाटलं असेल, याचा मी बरेचदा विचार करते. तरी त्यांच्याजवळ निदान काहीतरी उरलं. पिट्सबर्गमध्ये फोर्ब्स फील्डच्या भिंतीचा तुकडा अजून उभा आहे. दर वर्षी १३ ऑक्टोबरला लोक तिथे जमतात आणि १९६० च्या वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्याचं रेडिओ समालोचन पुन्हा ऐकतात, बिल मॅझरॉस्कीच्या सामना जिंकून देणाऱ्या होम रनपर्यंत. तिथली होम प्लेट विद्यापीठाच्या इमारतीत काचेखाली जपून ठेवली आहे. सिनसिनाटीजवळ ब्लू ॲशमध्ये क्रॉस्लीची प्रतिकृती उभारली, त्या चढासकट. पाडणाऱ्यांनीही लोकांना काही ना काही घेऊन जाऊ दिलं. आम्हाला तुमच्या सूचनेनंतर काय घेऊन जाता येईल? पडद्याचे फोटो. ते मी काढते आहे, रोज रात्री, प्रत्येक स्टँडमधून, प्रत्येक भिंतीसमोर उभी राहून. फोटोतून मैदान पुन्हा बांधायला किती वेळ लागतो हे मला चांगलं माहीत आहे, कारण मी तेच करत आले आहे.

तर आमच्या मागण्या अशा.

स्टेडियमची फाइल आमच्या ड्राइव्हवर उतरवून घ्यायची सोय द्या, आणि ती दिल्याशिवाय जुने सर्व्हर बंद करू नका. ही मागणी बाकी सगळ्यांच्या आधी आहे. यावर तडजोड नाही.

नव्या आवृत्तीत ती फाइल उघडता यावी. या वर्षी जमत नसेल तर कुठल्या आवृत्तीत जमेल ते सांगा, आम्ही थांबू. आणि तेही अशक्य असेल, तर निदान प्रत्येक स्टेडियमचा वरून काढलेला मोजमापांसह आराखडा आणि वस्तूंची यादी साध्या मजकुरात बांधणाऱ्याला पाठवा. ती वाचून आम्ही पुन्हा बांधू.

मूळ बांधणाऱ्याचं नाव प्रत्येक नकलेवर कायम राहू द्या. स्टेडियम काढून टाकलं तर नेमकं कशामुळे ते कळवा, आणि माणसाकडून पुन्हा तपासून घ्यायचा हक्क द्या.

ऐतिहासिक मैदानांसाठी मापांची मर्यादा उठवा. ऑनलाइन स्पर्धांमध्ये ती राहू दे, तिथे तिचं कारण मला पटतं. एकट्याने किंवा मित्रांबरोबर खेळताना २५८ फुटांवर फाउल पोल असला तर कुणाचं काही बिघडत नाही. जमिनीचा चढ, खांबाला लागणारा चेंडू आणि रात्रीचे दिवे यांना वेळ लागेल हे समजू शकते. त्यांच्यासाठी तारीख मागत नाही, पण तुमच्या कामाच्या यादीत ते आहेत की नाहीत एवढं स्पष्ट सांगा.

हे पत्र पटलं असेल तर इतर बांधणाऱ्यांनी आपापल्या मैदानाचं नाव लिहून ते स्टुडिओला पाठवावं. शिवीगाळ नको, कुणा कर्मचाऱ्याला वैयक्तिक त्रास नको. मैदानाचं नाव, बांधायला लागलेला वेळ आणि पहिली मागणी, इतकंच पुरे.

ग्रिफिथच्या डाव्या बाजूचे उघडे स्टँड मी अजून पूर्ण केलेले नाहीत. सात रांगा झाल्या आहेत, बाकीच्या राहिल्या आहेत. सूचना आल्यापासून एकही रांग लावलेली नाही. तुमच्या उत्तराची वाट पाहते आहे. फाइल मिळणार असं कळलं, तर त्याच रात्री आठवी रांग लावायला घेईन.

आपली,
तुमच्या गेममध्ये मैदानं बांधणारी एक खेळाडू